बोटठेवे गुरुजी

भंडारा जिल्हा परिषदेच्या शाळांत गुरुजींची ही जात तुरळक आढळते. तुमसरकडे एखादे, लाखांदूरकडे एखादे. गोष्टी-कवितांचे धडे ते सहकाऱ्यांना खुशाल देऊन टाकतात. "राजाचं पुढं काय झालं हे पोरं आपणहून विचारतात. खताच्या पोत्याचं कोण विचारणार?" म्हणून यांच्या चौथीच्या वर्गात युरियाचं रिकामं पोतं, एस.टी.चं वेळापत्रक, गोळ्यांचं पाकीट, लग्नपत्रिका असा सगळा संसार.

कुणी उत्तर दिलं की हुकूम एकच: "बोट ठेव." कुठं लिहिलंय ते दाखव, मग बोल.

पोत्यावर वजन 45 किलो. घरोघरी मात्र पन्नासच. सरकारनं 2018 मध्ये पोतं पाच किलोनं उतरवलं, ते जिभेवर अजून उतरलेलं नाही. एका आजोबांनी यावरून नातवाला वेड्यात काढलं, तर गुरुजींनी त्यांनाच शाळेत बोलावून पोतं पुढं केलं. चष्मा घरी राहिला म्हणून आजोबा निसटले.

व्हरांड्यातल्या रंगवलेल्या नकाशात देवरी, सालेकसा अजून भंडाऱ्यातच आहेत. त्यांना घेऊन गोंदिया जिल्हा वेगळा निघाला 1 मे 1999 ला. मुख्याध्यापक भिंत पुसायला निघाले, तर गुरुजी आडवे आले. इतका छान चुकीचा मजकूर फुकटात कुठं मिळणार? कुठलाही कागद हाती आला की आधी तो कधीचा ते विचारायचं, हे पोरं त्या भिंतीवर शिकतात.

पण खरा रंग भरला तो गोसीखुर्द धरणाच्या बातमीच्या कात्रणावर. 'काम प्रगतिपथावर आहे.' यात माहिती किती, मत किती? एक मुलगी उठली, "पायाभरणी 1988 ची लिवली हाये जी. माझा बाबा तवा झालाच नव्हता." गुरुजी आठवडाभर तिचंच कौतुक सांगत फिरले.

गावात मात्र लोक यांना जरा दबकूनच असतात. पत्रिकेत मुहूर्त 12.05 चा असेल, तर हे बाराला मांडवात हजर. तोवर वाजंत्रीही आलेली नसते.

परवा केंद्रप्रमुखांनी ऑफिसात चहा घेतला आणि शेरा लिहिला: 'चौथीचा वर्ग पाहिला. अध्यापन समाधानकारक.' गुरुजींनी तो हौसेनं फळ्यावर उतरवला. 'समाधानकारक' हे मत, असं ठरवून पोरांनी ते चटकन बाजूला काढलं. 'वर्ग पाहिला' यावर मात्र वाद अजून मिटलेला नाही. जाता जाता खिडकीतून पाहिलेलं धरायचं की नाही, असा प्रश्न आहे.