नानांचं स्वातंत्र्य

विंडोज वापरणाऱ्यांवर नाना कधीच रागावत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा लॅपटॉप अडला की मुकाट्याने जातात, व्हायरस काढून देतात, ‘बिचाऱ्या’ म्हणतात आणि चहा पिऊन परत येतात. मॅकवाल्यांची त्यांना कीव येते. पण राग? तो राखून ठेवलाय लिनक्सच वापरणाऱ्या, पण नानांसारखं न वापरणाऱ्या माणसासाठी. दूरच्या गावातल्या माणसाशी कोण कशाला भांडेल? कोर्टात जायचं ते बांधाला बांध लागलेल्या चुलतभावाशीच!

तसे नाना स्वातंत्र्यवादी. रिचर्ड स्टॉलमनने सांगितलेली सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्यं त्यांना तोंडपाठ आहेत, आणि ती ते शून्यापासून मोजतात, कारण यादीतच तसं आहे. कुठल्याही कामासाठी वापरा, आतून उघडून बघा, वाटा, बदला. आता एवढं स्वातंत्र्य दिल्यावर माणसं आपापल्या मनाचं करणारच, हा त्यातला धोका नानांनी धरलाच नव्हता.

2004 साली उबुंटू निघालं. लिनक्स सोपं करणार, अशी प्रतिज्ञा. मागाल त्याला पोस्टाने फुकट सीडी घरपोच. नानांनीही मागवल्या (फुकट ते फुकट). त्या सगळ्या आज कोथरूडच्या त्यांच्या गॅलरीत दोऱ्याला लटकताहेत, कबुतरं यायला नकोत म्हणून. कबुतरं तरीही येतात. नानांच्या मते सोपं लिनक्स म्हणजे बिनतिखटाची मिसळ. कुणी नवखा मुलगा ‘मी उबुंटू वापरतो’ म्हणाला, की नाना ‘अरे वा’ म्हणतात. ते ‘अरे वा’ ऐकून दोन मुलं परत विंडोजला गेली, असं अण्णा सांगतात.

अण्णा हे नानांचे तीस वर्षांचे मित्र. दोघेही डेबियन नावाच्या लिनक्सवाले, वर्षानुवर्षं शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून जगातल्या इतर सर्व लिनक्सांना नावं ठेवायचे. मग सिस्टमडी आलं. संगणक सुरू होताना बाकीच्या सेवांना उठवणारा तो प्रोग्रॅम. घरातला पहाटे उठणारा माणूस म्हणा हवं तर, फक्त हा उठल्यावर दूध, पेपर, पाणी, किल्ल्या, सगळं आपल्याच ताब्यात घेतो, अशी नानांची तक्रार. फेब्रुवारी 2014 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत यावर मतदान झालं, मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आत आलं. नाना ते मत अजून विसरलेले नाहीत. रागावलेल्या मंडळींनी वेगळी चूल मांडून डेव्हुआन काढलं, तेव्हा नाना सामानसुमान घेऊन तिकडे राहायला गेले. अण्णा म्हणाले, ‘माझं मशीन आठ सेकंदांत चालू होतं, मला बाकी काही कळत नाही.’ यावर दोघांचे शनिवार बंद पडले. संगणक चालू झाल्यावर दोघेही करायचे काय, तर बँकेचं पासबुक बघणं आणि जुनी नाट्यगीतं ऐकणं. पण ते जाऊ द्या.

भांडण हा आपला वारसाच आहे, असं नाना अभिमानाने सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये लिनक्स जाहीर केलं आणि पुढच्याच जानेवारीत टॅननबाउम नावाच्या प्राध्यापकाने ते कालबाह्य ठरवून टाकलं. पोराने उलट उत्तर दिलं. पुढे शिव्यांबद्दल त्याची इतकी ख्याती झाली की 2018 मध्ये त्याने आपल्या वागण्याची जाहीर माफी मागितली आणि काही दिवस कामातून रजा घेतली. मला ती बातमी वाचून बरं वाटलं. नाना मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. ‘चांगला होता, बिघडला,’ एवढंच म्हणाले.

घरात त्यांचं कुणी ऐकत नाही. ‘तुझ्या फोनमध्येही अँड्रॉइडच्या खाली लिनक्सच आहे,’ असं त्यांनी एकदा बायकोला विजयी मुद्रेने सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘असेल. पण तो बोलत नाही.’

परवा रात्री अण्णांचं मशीन अपडेटनंतर उठेना. आठ सेकंद सोडा, आठ मिनिटं झाली तरी काळा पडदा आणि त्यावर ग्रबची, म्हणजे लिनक्सला जागं करणाऱ्या प्रोग्रॅमची, कोरडी लुकलुकती खूण. अण्णांनी फोन केला. नानांनी ‘सिस्टमडीच असणार’ एवढं बोलून घेतलं आणि स्कूटर काढली. गेल्या गेल्या खिशातून पेन ड्राइव्ह काढून लावला, त्यावरून मशीन चालू केलं, डिस्क जोडली, आत शिरून ग्रब पुन्हा बसवलं. सिस्टमडीचा काडीचाही दोष नव्हता. नानांनी तो विषय काढला नाही. अण्णा मात्र पडद्याकडे बघत होते. पेन ड्राइव्हवरून जे चालू झालं होतं त्याचा रंग नारिंगी-जांभळा होता.

‘नाना, हे उबुंटू ना?’

‘जावयाचा पेन ड्राइव्ह आहे.’

‘जावई तर मॅकवाले.’

‘सगळ्यांचं वायफाय ओळखतं ते,’ नाना पुटपुटले, ‘आणि तू ही असली थीम का लावलीयस? डोळे दुखतात.’