अकरा चढत नाही

भाचा रिसोडहून आला तो तोंड पाडूनच. दुकानदाराने लॅपटॉप उघडून पाहिला आणि दोन वाक्यांत निकाल दिला होता, "याच्यावर अकरा चढत नाही. आता नवाच घ्या." अकरा म्हणजे विंडोज ११. लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. पडद्यावर ओरखडा नाही, बिजागऱ्या घट्ट, बॅटरी तासभर तग धरते. नवा लॅपटॉप पस्तीस हजारांचा धरला, तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने साडेसहा क्विंटल सोयाबीन झालं. आणि वाशिमच्या शेतकऱ्याला हमीभाव हातात पडतोच असं नाही, हे वेगळं सांगायला नको.

माझा राग त्या "नवाच घ्या"वर आहे. यंत्र बिघडलेलंच नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला, एवढंच घडलं. अकरासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणून २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप एका फटक्यात बाद. या निर्णयाने जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनलिस या संस्थेने २०२३ मध्येच मांडला होता. बैल म्हातारा झाला की आपल्याला त्याच्या चालीवरून कळतं. इथे बैल धडधाकट आहे आणि त्याला म्हातारा ठरवणारा तारखेचा कागद अमेरिकेतून आला आहे. सुरक्षेचे दुरुस्तीसंच बंद झालेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे खरंच आहे. पण त्यावरचा उपाय भंगारवाला नव्हे.

उपाय आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतो. लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी बसणारी मुक्त प्रणाली, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. दोन जीबी रॅमवर उभी राहते, चार जीबीवर नीट चालते, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. आधी भाच्याचे फोटो आणि नोट्स दुसरीकडे उतरवून घेतल्या, कारण बसवताना डिस्क पुसली जाते. मग काहीही न पुसता पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून पाहिली. वायफाय लागलं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, हे इथेच कळतं. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली आणि तिच्यावर मिंट बसवली. खर्च झाला तो एसएसडीचाच. चहा होईपर्यंत चालू न होणारा लॅपटॉप आता चहाचं आधण ठेवेपर्यंत तयार असतो.

मराठीचं काय, हा प्रश्न त्याच्या आईने विचारला आणि तो अगदी बरोबर होता. मराठी आधीपासूनच आत आहे. इनस्क्रिप्ट कळफलक आहे, उच्चारानुसार टंकायचा पर्याय आहे, लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत होतात. लोहित नावाचे देवनागरी टंक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले आणि रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुले केले. मराठी टंकांचं श्री-लिपी हे सॉफ्टवेअर बनवणारी मॉड्युलर तीच. युनिकोडची पहिली आवृत्ती आणि लिनक्सचा जन्म, दोन्ही १९९१ चे. म्हणजे आपल्या अक्षरांना जगाच्या यादीत जागा मिळाली त्याच वर्षी हे दारही उघडलं होतं. मराठी माणसांनी रात्री जागून या प्रणालीचे शब्द मराठीत आणले आणि वाशिमच्या बाजारात त्याचा कुणाला पत्ता नाही, हे मला लागतं.

पत्ता का नाही? कारण आपण संगणक शिकवतच नाही, एका कंपनीच्या खिडक्या शिकवतो. एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे. त्यातला 'एमएस' महाराष्ट्र स्टेटचा, पण पोरांना तो मायक्रोसॉफ्टचा वाटतो आणि ही चूक पोरांची नाही. केरळने पंधरा-वीस वर्षांपूर्वीच शाळांतलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. तिथली काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी उबुंटूवर बेतलेली स्वतःची लिनक्स देते. केंद्राच्या सी-डॅकने बॉस नावाची भारतीय लिनक्स २००७ मध्येच आणली. वाशिमला २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलंय. मग जिल्ह्यातल्या मानोरा, मालेगावच्या शाळांतल्या धूळ खात पडलेल्या संगणकांवर ही पेनड्राइव्ह का फिरू नये? त्यासाठी निविदा लागत नाही. एक शिक्षक आणि एक शनिवार लागतो.

कुणाला फसवायचं मात्र नाही. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, तेव्हा कारंज्याच्या आडत दुकानदाराने आपला हिशेबाचा संगणक बदलू नये. सेवा केंद्रात अंगठा घेण्याची मशीन आणि डिजिटल सहीची चावी असते. त्यांची सॉफ्टवेअरं बहुधा विंडोज धरूनच बनवलेली असतात, तेव्हा केंद्रचालकानेही थांबावं. जुन्या बिगर-युनिकोड टंकांतल्या फायली उघडल्यावर कचरा दिसतो. तो टंक नसेल तर विंडोजवरही तेच दिसतं. सरकारी सेवा एकाच कंपनीच्या प्रणालीवर अडकणार नाहीत हे पाहणं सरकारचं काम आहे. ज्याला एमपीएससीचा अर्ज भरायचा, व्हिडिओवर शिकवणी पाहायची, टाईप करायचं, त्याला यातलं काहीच आडवं येत नाही. भाचा त्यातलाच.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. अभ्यासिकेतल्या दोन मित्रांचे लॅपटॉपही अकरावरच अडकलेत. आवाज जरा दबका होता. त्याच्या आधीच्या विंडोजला दुकानात दोनशे रुपयांत क्रॅक मारलेला, आणि तेव्हापासून सॉफ्टवेअर म्हणजे लपूनछपून घ्यायची गोष्ट, असं त्याच्या डोक्यात बसलेलं.

"मामा, याची कॉपी मारली तर चालते का? काही गुन्हा तर नाही ना होत?"

"मार. ती वाटायसाठीच बनवली आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "मग अजून एक पेनड्राइव्ह घेतो."