ग्रुपिंग बघ!

नवी गाडी घेतली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना चक्कर मारून आणणारे आणि नवा मिक्सर आला की पाहुण्यांसमोर दाण्याचं कूट करून दाखवणारे गृहस्थ तुमच्याही ओळखीत असतील. आमचे नाना त्याच जातकुळीतले. फक्त नाना टेक्सासमध्ये राहतात आणि त्यांनी पिस्तूल घेतलंय.

दर शनिवारी अकराच्या सुमाराला नानांचा फोटो येतो. टार्गेटचा कागद, त्यावर कमरेपर्यंतचा माणूस, छातीवर मधोमध लाल ठिपका. ठिपका कोरा करकरीत. गोळ्या सगळ्या खाली, डावीकडे. त्या माणसाच्या गळ्यात जानवं असतं तर ते जिथे कमरेला टेकलं असतं, बरोबर तिथे. आणि फोटोखाली नानांचे दोन शब्द : 'ग्रुपिंग बघ!'

ग्रुपिंग म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या ते. नेम लागला का, हा प्रश्न वेगळा, आणि तो नानांना विचारायचा नसतो. एकवीस फुटांवरून झाडलेल्या त्यांच्या पंधराच्या पंधरा गोळ्या चहाच्या बशीखाली झाकल्या जातील. बशी फक्त दुसऱ्या टेबलावर ठेवावी लागेल.

खरेदीआधी एक्सेल शीट झालं, हे सांगायला नकोच. शेवटी ग्लॉक १९ ठरलं. १९८८ सालचं मॉडेल, नऊ मिलिमीटर, सांगाडा प्लॅस्टिकचा, रिकामं असताना वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. "हा गास्टन ग्लॉक आधी पडद्याचे रॉड करायचा, माहितेय?" हे नाना येईल-जाईल त्याला सांगतात. आमच्याकडे तर पडद्याकडे बोट करून सांगून झालंय.

पण खरी गंमत दुकानाच्या काउंटरवर. नाना अजून व्हिसावर आहेत. ग्रीन कार्डच्या रांगेत त्यांचे केस पांढरे झाले. व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक विकत घेता येत नाही. मात्र शिकारीचं लायसन असेल तर येते! तेव्हा अंडंसुद्धा न खाणाऱ्या नानांनी पंचवीस डॉलर भरून शिकारीचं लायसन काढलं. वर हंटर एज्युकेशनचा कोर्सही केला, मारलेल्या हरणाची उस्तवार कशी करायची या धड्यासकट. लायसनसोबत हरणांचे नि टर्कीचे टॅग मिळतात, ते वहिनींनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेत.

पहिल्या शनिवारी नाना मलाही रेंजवर घेऊन गेले. आत गारठा असेल म्हणून त्यांनी कानटोपी घातली होती, त्यावर कानांचे मफ, डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर दुसरा चष्मा. मॅगझिनमध्ये दहाव्या गोळीपर्यंत सगळं छान चालतं. पुढे स्प्रिंग अशी अडून बसते, की अंगठा रडकुंडीला येतो. नानांनी पेटीत आलेला लोडर "हे नवशिक्यांसाठी असतं" म्हणून घरी ठेवला होता. आम्ही दोघांनी मिळून पंधरावी गोळी आत घातली तेव्हा शेजारच्या लेनमधल्या आजीबाईंचे दोन कागद चाळण होऊन झाले होते.

मग नानांनी पवित्रा घेतला. श्वास रोखला. डोळे मिटले. (हे ते कबूल करत नाहीत.) ठो! खाली, डावीकडे. ठो! खाली, डावीकडे. तिसऱ्या बाराला गरम पुंगळी उडून थेट त्यांच्या कॉलरमधून आत शिरली. नानांनी जागच्या जागी जो नाच केला तो मंडळाच्या लेझीम पथकात खपला असता. पण एक मानलं पाहिजे, कमरेखाली एवढा धुमाकूळ चालू असताना पिस्तुलाचं तोंड टार्गेटवरून इंचभर हललं नाही आणि बोट खटक्यावरून तत्काळ बाहेर आलं. कोर्स वाया गेला नव्हता.

पाचव्या गोळीला पुंगळी स्लाइडमध्ये उभीच अडकली, धुराड्यासारखी. "काडतुसं भिकार," नाना म्हणाले. रेंज ऑफिसर म्हणाला, मनगट ढिलं पडतंय. नाना म्हणाले, साइट डावीकडे सरकलीय. त्या भल्या माणसाने पिस्तूल हातात घेतलं, तीच काडतुसं भरली आणि पाच गोळ्या लाल ठिपक्यात घातल्या. मग समजावलं : धक्का बसणार या भीतीने तुम्ही आधीच हात खाली दाबता आणि खटका हिसडता, उजव्या हाताच्या माणसाची गोळी मग खाली-डावीकडेच जाणार. नानांनी मान डोलावली, आभार मानले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "त्याच्या पाच गोळ्या पांगल्यात. माझं ग्रुपिंग बघ."

पुढच्या खेपेला नानांनी इंजिनिअरी तोडगा काढला. नेमच वर-उजवीकडे धरायचा, म्हणजे गोळी आपोआप मध्ये येईल. नेमकं त्याच दिवशी मनगट सुधारलं. फोटो आला : सगळ्या गोळ्या वर, उजवीकडे. आणि खाली तेच दोन शब्द.

आता हे ग्रुपिंग रेंजपुरतं राहिलेलं नाही. गणपतीत सगळे पुणेकर हॉलच्या एका कोपऱ्यात बसले, 'ग्रुपिंग बघ.' वहिनींच्या साबुदाणा खिचडीचा गोळा झाला, तरी तेच. (त्या दिवशी वहिनींचा नेम मात्र अचूक लागला.) दसऱ्याला पिस्तुलाची पूजा झाली, झेंडूबिंडू वाहून. स्लाइडच्या खाचांमधलं हळदकुंकू काढायला नानांना दिवाळी उजाडली.

पिस्तूल कशासाठी, असं विचारलं तर "सेल्फ डिफेन्स". पण पिस्तूल एका तिजोरीत, मॅगझिन दुसऱ्या, काडतुसं गराजमध्ये आणि गराजची किल्ली वहिनींच्या पर्समध्ये. चोर आला तर त्याला चहा टाकून बसवावं लागेल. मला ही व्यवस्था फार आवडते. ज्या राज्यात २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून हिंडता येतं, तिथे किल्लीसाठी बायकोची पर्स शोधणारा माणूस शेजारी असणं हा मी माझाच सेल्फ डिफेन्स समजतो.

परवा रेंजवरून परतताना नानांनी फोनवर कोथरूडचा नकाशा दाखवला. आई, दोघे भाऊ, बहीण, सगळ्यांच्या घरांवर खुणा केलेल्या, चालत दहा मिनिटांच्या आत. "ग्रुपिंग बघ," म्हणाले. गेल्या वर्षी आई घरात पडल्या तेव्हा नाना गेले नाहीत. तिकडे व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर इकडची नोकरी जाते. नेहमीसारखी मी मान डोलावली. तर म्हणाले, "घोळक्याबाहेर जाते ना एखादी गोळी, तिला फ्लायर म्हणतात. तो मी."

मला काही सुचेना. मी विचारलं, शिकारीचं लायसन ऑगस्टअखेर संपतं ना?

"केलं की रिन्यू! घरबसल्या, पाच मिनिटांत," नाना खुलले. "या देशात माझं वेळेवर रिन्यू होतं ते एवढंच बघ."