काकूचं कुंकू

काका-काकूंच्या लग्नाला 50 वर्षं झाली, तेव्हा त्यांचा ‘कलात्मक’ फोटो काढायचा विडा मी उचलला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात असले विडे मीच उचलतो. तोंड दुसऱ्याचं रंगतं.

कल्पना महाराज बाड्यावर सुचली. रात्री तिथल्या जुन्या इमारतींवर रंगीत झोत पडतात आणि दगडसुद्धा देखणा दिसतो. मग काका का दिसू नयेत?

जाणकार लोक दिव्यापुढे उष्णता सोसणारी रंगीत जेल लावतात. नाटकवाले त्याला जिलेटिन म्हणतात. मला ते महाग वाटलं. भेटवस्तूंच्या टोपल्यांवर गुंडाळतात तो चकचकीत पारदर्शक कागद घेतला, एक लाल, एक निळा. दुकानदाराने विचारलं, ‘‘कितने डिब्बे पैक करने हैं?’’

‘‘दो,’’ मी म्हणालो. ‘‘चाचा और चाची.’’

दिवे गणपतीच्या मांडवातले, 500 वॅटचे दोन हॅलोजन. काकूवर लाल, काकांवर निळा.

कागद उजेडाला रंग देतो, असा माझा समज. प्रत्यक्षात तो आपला रंग तेवढा सोडतो आणि बाकीचा उजेड गिळतो. हॅलोजनमध्ये निळा मुळातच थोडा, त्यामुळे काकांना ग्रहण लागलं. नुसती कवळी चकाकत राहिली. काकूचा हिरवा शालू लाल उजेडात काळा पडला. तेही मी ‘मूड’ म्हणून खपवलं असतं. पण काकूने कॅमेऱ्याच्या पडद्याजवळ चष्मा नेला.

‘‘माझं कुंकू कुठाय?’’

रुपयाएवढं ठसठशीत कुंकू, आणि फोटोत कपाळ कोरं! लाल उजेडात कुंकू आणि कपाळ सारखंच उजळतं, मग वेगळं दिसणार कसं, हे शास्त्र मी समजावू लागलो, तोच ग्रहणातून आवाज आला, ‘‘अरे, मी अजून आहे!’’

व्हाइट बॅलन्स फिरवून पाहिलं. जो रंग उजेडातच नव्हता, तो कॅमेरा आणणार कुठून? फोटो कृष्णधवल केला, तर कपाळ आणखी स्वच्छ. तेवढ्यात लाल कागद आकसून दिव्याच्या काचेला चिकटला आणि असा वास सुटला की शेजारच्या वहिनी ‘काय जळतंय?’ म्हणत आत आल्या. पडद्यावरचं कपाळ त्यांनीही पाहिलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत ते दौलतगंजात पोचणार.

छायाचित्रकार लाला दीनदयाळांनी 1880च्या दशकात आमचा किल्ला टिपला, तेव्हा मानमंदिराच्या निळ्या फरशांचाही रंग हरवला होता. पण फरशा कुरकुरत नाहीत.

काकूने पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बोट दाखवलं. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. आजीच्या कपाळावर म्हणून काळाकुट्ट ठिपका.

‘‘काळं तर काळं,’’ काकू म्हणाली, ‘‘पण आहे.’’