स्टुटगार्ट पेठ, पुणे

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला घरचे बजावतात, ‘तिकडचं सगळं वेगळं असतं, जपून राहा.’ मूल पुण्याहून जर्मनीतल्या स्टुटगार्टला चाललं असेल, तर हा सल्ला फुकट. तिथल्या बऱ्याच इमारतींच्या नियमावलीत दुपारी एक ते तीन आवाजाला बंदी असते. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर तर असतेच. एक ते चार दुकानं मिटणाऱ्या गावातून आलेल्याला यात काय नवल? वाईट वाटलंच तर एक तास कापल्याचं. जिना झाडायची पाळी म्हणजे ‘केअरवोखे’. पाळी आली की दारावर पाटी लटकते, आठवडा सरला की ती शेजाऱ्याच्या दारी जाते. पाटीवरचा हुकूम कळायला पुणेकराला भाषांतर लागू नये! या प्रथेचं मूळ १४९२च्या नगरकायद्यात सांगतात. १९८८ साली महापालिकेने सक्ती उठवली, पण भाडेकरारातून आणि शेजारणीच्या नजरेतून ती काही उठली नाही. (या शहराने १९६८ साली भगिनी-शहराचं नातं जोडलं ते मुंबईशी. पत्ता चुकला असावा.)

कोणी म्हणेल, पुण्यात पाट्या वाचायला असतात, तिथे पाळायला. हे निम्मंच खरं. पाटी कोणी पाळत नाही म्हणून तर पुण्यात ती तिखट होत जाते. तिथे पाळतात, म्हणून सपक राहते. पण रविवारी काचेच्या बाटल्या डब्यात खळ्‌कन टाकून बघा. दारावर चिठ्ठी येईल, त्यात नियम, वेळ, तुमचा गुन्हा आणि शेवटी ‘स्नेहपूर्वक नमस्कार’. खरडपट्टी काढून ‘कळावे, लोभ असावा’ लिहिणाऱ्यांना ही शैली परकी कशी वाटेल?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. महाराष्ट्र म्हणजे पुणं नव्हे. पाहुण्याला ताटावरून उठू न देणाऱ्या कोल्हापूरच्या पोराला संध्याकाळी थंड पाव आणि चीज हेच जेवण, हे कळल्यावर पहिला आठवडा जडच जाणार. हे मान्य. धक्का पुणेकरालाही बसतो, फक्त वेगळ्या जागी. जिन्यात निरोप घेताना तो सवयीने म्हणतो, ‘या एकदा घरी.’ जर्मन माणूस तिथेच डायरी काढतो आणि तारीख विचारतो.