स्वहस्ते, पण पातेलं सोडून

हाताने केलेल्या वस्तूंना सध्या भलताच भाव आला आहे. आजीच्या नऊवाऱ्यांची गोधडी माळ्यावर कुबट वास मारत पडलेली असते आणि आपण प्रदर्शनातून, कोरं कापड मुद्दाम विटवून शिवलेली गोधडी आणतो. तिला पाणी लावायचं नसतं म्हणे.

कुरडयांचंही तेच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून, गुठळी होऊ न देता तो घाटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. यातला व्हिडिओत छान दिसणारा शेवटचा भाग तेवढा स्वहस्ते होतो. घाटताना दंड भरून येतात ते कामाच्या मावशींचे. बुडाला लागलेलं पातेलंही त्याच घासतात. (त्यांच्या घरी कुरडया विकतच्या. त्यांना वेळ कुठे असतो?)

१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, ते चार पैसे मिळावेत म्हणून; त्यातून लिज्जत उभं राहिलं. आता कार्यशाळेत पापड लाटायला बसायचं तर पैसे आपणच भरायचे. लाटणंही घरून न्यायचं.