जागा भारी, चेहरा कुठंतरी

कोल्हापूर आणि पंचक्रोशीत लग्न ठरलं की हॉल, आचारी आणि बँड यांच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो: प्री-वेडिंगचे फोटो कुठं काढायचे? पत्रिका जुळत नसतील तर शांत करून देणारे गुरुजी गल्लोगल्ली आहेत. जागा जुळत नसेल तर वाट दाखवणारं मात्र कुणी नाही. ही सामाजिक उणीव भरून काढण्यासाठी पुढील नियम दिले आहेत. वधू-वरांनी ते पाठ करावेत, फोटोग्राफरनं वाचू नयेत.

नियम १. समिती नेमा, फोटोग्राफर वगळा

जागा निवडण्याच्या बैठकीला मामा, आत्या, वराचे तीन मित्र आणि पुण्याला आयटीत असलेला एक चुलतभाऊ पुरेसे आहेत. फोटोग्राफरला बोलावलंत तर तो भलतंच विचारतो. "ऊन कुठल्या अंगानं येतंय? मागं काय दिसतंय? गर्दी कधी असती?" अशा प्रश्नांनी बैठकीचा विचका होतो. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास ज्या गावात कॅमेराच घडवला, त्या गावात कॅमेऱ्यामागच्या माणसाला शिकवायला माणसं कमी पडत नाहीत.

समितीनं कसोटी एकच लावावी. इचलकरंजीच्या आत्यांनी चष्मा न लावता मोबाइलवर फोटो बघितला तरी त्यांना जागा ओळखता आली पाहिजे. पोरगी ओळखू आली नाही तरी चालेल, खाली नाव टाकता येतं.

नियम २. वेळ मेकअपला विचारा, सूर्याला नव्हे

सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि मावळतीआधीचा शेवटचा तास चेहऱ्याला मानवतो, कारण तेव्हा ऊन तिरपं आणि मऊ असतं, असं जाणकार म्हणतात. म्हणू द्यावं. सकाळी सातला निघायचं तर मेकअप पहाटे चारला सुरू करावा लागेल. त्यापेक्षा तो नऊला सुरू करून बाराला बाहेर पडावं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ऐन लग्नसराईत, कोल्हापुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच गडप होते. माणसाची सावली मात्र भुवयांखाली जमा होते. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आणि नाकाखाली मिशी (वधूलासुद्धा) दिसू लागते. यावर उपाय म्हणजे दोघांना गॉगल घालावेत. अल्बममध्ये याला 'स्टाइल' म्हणतात.

नियम ३. रंकाळा: सूर्य मागं ठेवा

शहराच्या बाजूच्या काठावर उभं राहिलं की सूर्य पाण्यापलीकडे मावळतो. जोडपं पाण्याकडं पाठ करून उभं करावं. आभाळ केशरी येतं, पाणी सोनेरी येतं आणि नवरा-नवरी कोळशाची येतात. कोण कुठल्या बाजूला आहे ते उंचीवरून ओळखावं.

फोटोग्राफर म्हणेल, "सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटं थांबूया. आभाळाचा उजेड चेहऱ्यावर येतो, पाणीबी राहतं." त्या दहा मिनिटांत भेळेची गाडी जवळ करावी. आबालाल रहिमान याच तलावाच्या काठी बसून उजेड कसा पालटतो ते बघत चित्रं रंगवायचे. पण त्यांना संध्याकाळी संगीताची प्रॅक्टिस नव्हती. आणि चौकटीत म्हशी शिरल्या तर हाकलू नयेत. कोल्हापूर आहे हे पटवायला त्यांच्याइतका पुरावा दुसरा नाही.

नियम ४. न्यू पॅलेस: सगळा राजवाडा आला पाहिजे

मेजर मँट यांच्या आराखड्यावरून १८८४ साली पुरा झालेला हा काळ्या दगडाचा वाडा पैसे वसूल करणारा आहे. घड्याळाचा मनोरा बरोबर नवऱ्याच्या डोक्यातून उगवेल अशा बेतानं त्याला उभा करावा. फोटोग्राफर दोन पावलं डावीकडं सरकायला सांगेल. सरकू नये, मनोरा कापला जातो.

काळ्या दगडाची एक गंमत सांगितली पाहिजे. कॅमेरा आपोआपवर ठेवला की त्याला समोर फार अंधार आहे असं वाटतं आणि तो उजेड वाढवतो. मग दगड करडा होतो आणि चेहरा पांढराफटक. नाकाची कड गालात विरघळते, कपाळावरची टिकली तेवढी शिल्लक राहते. फोटोग्राफर हा दोष मानतो. आत्या म्हणतात, "किती उजळ आलीय बघ!" बहुमत आत्यांचं असतं.

ऊन चढल्यावर वधू म्हणेल, "लई लागालंय, त्या झाडाच्या सावलीत जातो मी." जाऊ देऊ नये. सावलीत चेहऱ्यावर एकसारखा उजेड पडतो, डोळे मिचकावावे लागत नाहीत, खांदे सैल पडतात, हे सगळं खरं. पण तिथून राजवाडा दिसत नाही.

भिंगाबाबत समितीनं ठाम राहावं. माणसाच्या फोटोसाठी ८५ मिलिमीटरची लेन्स लावतात. तिनं चेहरा प्रमाणात येतो आणि मागचं सगळं विरघळतं. असा फोटो मामांना दाखवला की पुढील संवाद घडतो.

"राजवाडा कुठाय?"

"मागं आहे मामा, ब्लर केलाय."

"आम्ही एवढ्या लांब ब्लर बघायला आलतो व्हय?"

यावर २४ मिलिमीटर लावावी. राजवाडा मनोऱ्यासकट मावतो आणि जोडपं खाली उजव्या कोपऱ्यात सापडतं. त्यांना मोठं करायला कॅमेऱ्याजवळ आणलं तर आधी नाक येतं, मग माणूस. पण राजवाडा शाबूत राहतो.

नियम ५. उसाचं रान: मालकाला नंतर सांगा

हिवाळ्यात तुरा आलेल्या उसामागून ऊन आलं की पांढरे तुरे पेटल्यासारखे दिसतात. तिथं भाड्याचा लांब गाऊन घालून शिरावं. उसाच्या पानाची कड पात्याची असते, त्यामुळं दंडावर ओरखडे उठतात आणि चेहऱ्यावर जे भाव येतात ते एरवी शिकवूनही येत नाहीत. रंगीत धुराची कांडी पेटवायची टूम निघाली तर मात्र खाली वाळलेलं पाचट आहे, एवढं तरी ध्यानात ठेवावं.

इतक्यात बांधावरून हाक येते. "कुणाला इचारून शिरलाईसा रानात?"

"फोटो काढालोय काका."

"मग उसाचा काढा की! महिना झाला तोड येईना, तेवढं कारखान्याला दावा."

उसाचा फोटो खरंच काढून द्यावा. दिवसभरातला कामाचा फोटो बहुधा तोच असतो.

नियम ६. पन्हाळा आणि खिद्रापूर: मधोमध उभे राहा

पन्हाळ्याच्या तीन दरवाजाच्या कमानीखाली भर दुपारीही मऊ उजेड असतो. बाहेरचं ऊन फरशीवर आपटून आत येतं आणि चेहऱ्यावर खालून हलकेच चढतं. तिथं थांबू नये, फार सोपं पडतं. त्याऐवजी तटाच्या कडेवर जावं, जिथं वारा पदर, केस आणि रिफ्लेक्टर धरलेला चुलतभाऊ अशा क्रमानं उडवतो. २०२५ च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला आहे, तेव्हा कॅप्शन आयतं तयार आहे.

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपाला वर गोल मोकळं आकाश आहे. दुपारी त्यातून उन्हाचा झोत सरळ खाली पडतो. कडेच्या खांबाशी टेकलं तर नक्षीही दिसते आणि चेहराही. म्हणून जोडप्याला बरोबर झोताखाली, मधोमध उभं करावं. डोळ्यांचे खड्डे नियम २ प्रमाणे. दोन्ही वास्तू पुरातत्त्व खात्याकडं आहेत. ट्रायपॉड आणि दिवे लावायला लेखी परवानगी लागते, ती काढायला वेळ लागतो आणि पहारेकऱ्याला 'फक्त पाच मिनिटं' म्हणायला लागत नाही. तो हे वाक्य रोज ऐकतो.

नियम ७. वाईट उदाहरणांपासून सावध

या शहरात चेहऱ्यासाठी जागा निवडण्याचं एक जुनं उदाहरण आहे आणि ते आपल्या सगळ्या नियमांच्या विरुद्ध जातं. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या ९, १०, ११ आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या तारखांना मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग किंवा धुरकं आडवं आलं की तेही चुकतं. म्हणजे बांधणाऱ्यांनी आधी मुख कुठं हे ठरवलं, मग उजेड कुठून येणार ते पाहिलं आणि त्या हिशेबानं दगड रचला. आपण पुढं त्या किरणांच्या वाटेत माळ्यावर माळे चढवले आणि आता कुठली भिंत आड येते ते मोजत बसतो. समितीनं या प्रकाराचा अभ्यास करू नये. एवढा विचार करायला हॉल पुढच्या महिन्यातला आहे.

निकाल कसा लावावा

अल्बम पहिल्या पाहुण्याच्या हातात द्या आणि त्याच्या तोंडाकडं बघा. "आयला, हे कुठं काढलंय?" असं म्हणाला तर शूट यशस्वी. समितीला तांबडा-पांढरा द्या.

"पोरगी हसती किती छान!" असं म्हणाला तर समजा, फोटोग्राफरनं तुमची नजर चुकवून तिला कुठल्यातरी बोळातल्या ओट्यावर सावलीत बसवलं होतं. त्याची शेवटची रक्कम अडवून धरा आणि राजवाडा पुन्हा काढून घ्या.